बायकांच्या कोर्टावरचं आठवं नाव

सोमवार, १ जुलै १९७४

शाळेतून परस्पर क्लबवर. हॉलची किल्ली पुन्हा पत्त्यांच्या खोलीत. मागायला गेले तर ह्यांच्यासकट चौघे रमीत बुडालेले, कोणी मान वर करेना. शेवटी हेच म्हणाले, "माझ्या खिशात आहे, घे काढून." नवऱ्याच्या खिशात हात घालून बायकांच्या कोर्टाची किल्ली काढायची. छान.

खेळ बरा झाला. मी व पद्मा विरुद्ध महानंदा व डॉ. सुमनताई. ९-१५, हरलो. महानंदा डावरी. तीन वर्षं समोर खेळूनही तिचा फटका कुठून येणार हे मला कळत नाही.

बॅडमिंटनची फुलं संपत आली. डब्यात दोन, त्यातलं एक लंगडं.

बुधवार, ३ जुलै

सात रस्त्याच्या चौकात अण्णांच्या दुकानात. अण्णा म्हणजे महानंदाचे सासरे. वह्या, कॅरम, लेझमी, बॅट-बॉल, सगळं ठेवतात. फुलांच्या डब्याची किंमत ऐकून मला वाटलं दोन डब्यांची सांगतायत.

"विक्रीकर वाढला की बाई, एक तारखेपासून. खेळाच्या सामानाला लई लावलाय. चैनीत धरलंय म्हणं."

रॅकेट, रॅकेटची जाळी, नेट, सगळंच चढलं. डबा न घेता परत. चैन! आठवड्यात तीस तास फळ्यासमोर उभी राहते मी. दीड तास पळाले की चैन.

शुक्रवार, ५ जुलै

क्लबच्या फळ्यावर नोटीस. "विक्रीकराच्या वाढीमुळे" महिला विभागाची वर्गणी या महिन्यापासून वाढवली आहे. दुपारी साडेचार ते सहा ही वेळ महिलांसाठी राखायची तर किमान आठ सभासद हवेत, नाहीतर ती वेळ पुरुषांच्या टेबल टेनिसला. यादी शनिवार ता. २७ पर्यंत.

सेक्रेटरींना गाठलं. वकील आहेत, उत्तर तयारच असतं. म्हटलं, पत्त्यांच्या जोडांवर कर नाही वाढला का? "वाढला ना, बाई. पण तो आम्ही चहात वळता करून घेऊ." मग फुलं का नाही वळती होत चहात? "तुम्ही बायका चहा कुठं घेता इथं?"

घेत नाही, कारण साडेसहाला घरी जाऊन आम्हालाच तो करायचा असतो. हे बोलायचं राहून गेलं. जिना उतरताना सुचलं. नेहमीचंच.

सोमवार, ८ जुलै

अकरा होतो, तिघी गेल्या. एकीनं चिठ्ठी पाठवली, एक आलीच नाही, तिसरी निदान तोंडावर बोलली. "घरी कसं सांगू बाई? हे म्हणतात, फुगडी घाला, तिच्यावर कर नाही." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, मग माझाच राग आला. या बाईच्या यजमानांचा रविवारचा सिनेमा आणि रोजची पानपट्टी चालूच आहे. तिकीट महागलं तेव्हा त्यांनी फुगडी घातली नाही.

आता बरोबर आठ. दोनदा मोजली नावं.

बुधवार, १० जुलै

काटकसर. जुनी फुलं किटलीच्या वाफेवर धरून पिसं सरळ केली. सोळापैकी सात जगली. पद्माच्या घरी माग आहेत. म्हणाली, "बाई, आमच्या मागाचा दोरा लई चिवट हाय. मी बांधून आणते की पिसं." आणली. दोरा हिरवा. फूल जरा जड झालं, डावीकडं पळतं. महानंदा सोडून कोणालाच झेपलं नाही.

सुमनताईंचं म्हणणं, व्यायामच हवा तर तळ्याभोवती चाला, फुकट आहे. स्वतः डॉक्टर असून असं बोलतात. चालायला मला कोणी अडवलेलं नाही. बाजारातून पिशव्या घेऊन रोज चालते. चालताना डोक्यात उद्याची भाजी आणि न तपासलेल्या वह्या असतात. समोरून फूल आलं की काही नसतं. कॉलेजात चार वर्षं खेळले, मग तेवीस वर्षं नाही, मग पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रॅकेट धरली. आता सोडणार नाही.

शनिवार, १३ जुलै

आज महानंदा मोठ्यानं हसली. हिरव्या दोऱ्याचं फूल माझ्या अंबाड्यात अडकून बसलं. "बाई, हलू नका, पॉइंट कुणाचा ते ठरू द्या!"

चार वर्षांपूर्वी तिचं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं. सहा महिने खोलीबाहेर येत नव्हती. सुमनताईंनी सासूला औषध म्हणून सांगितलं, हिला रोज संध्याकाळी खेळायला पाठवा. पहिले पंधरा दिवस नुसती बाकावर बसायची. एक दिवस फूल तिच्या पायाशी पडलं, तिनं उचलून डाव्या हातानं परत मारलं, थेट मागच्या रेघेवर. तेव्हापासून. मागच्या वर्षी कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्या बायकांना आम्ही त्यांच्याच हॉलमध्ये हरवलं ते तिच्या जोरावर.

मंगळवार, १६ जुलै

दुरुस्त केलेली फुलं संपली. घ्यावीच लागली. अण्णांकडं गर्दी. कुठल्याशा शाळेचे पी.टी. मास्तर, दोनतीन कॉलेजातली पोरं.

अण्णा हळूच म्हणाले, "बिल राहू द्या की बाई. जुन्या भावानं घेऊन जा. सुनेचा खेळ हाय, घरचंच काम."

म्हटलं, बिल हवं.

"बिलानं महाग पडंल."

"म्हणजे कर तुम्ही बुडवणार आणि त्यात मला सामील करून घेणार? मी मुलींना नागरिकशास्त्र शिकवते, अण्णा."

शेवटच्या बाकापर्यंत पोचायची माझ्या आवाजाला सवय आहे. दुकानातल्या माना वळल्या. पी.टी. मास्तर हसले, "घ्या अण्णा, धडा घ्या बाईंचा." अण्णांनी खाली मान घालून बिल लिहिलं. पूर्ण किमतीचं, करासकट.

बिल फाइलला लावलं. बरं वाटलं.

गुरुवार, १८ जुलै

महानंदा आली नाही. कालही नव्हती. नवी फुलं, आणि खेळायला सातच जणी. पाऊस नाही, काही नाही, हॉल नुसता उकडत होता.

शुक्रवार, १९ जुलै

पद्मानं सांगितलं. महानंदाच्या घरासमोरच पद्माची नणंद राहते, तिथून कळलं. "घरी बसवलंय तिला, बाई. सासरे म्हणले, जितं आपल्याला चोर म्हणत्यात तितं आपली सून जायाची नाही."

चोर हा शब्द मी वापरलेला नाही. पद्मालाही तसं सांगितलं. ती हिरवा दोरा बोटाला गुंडाळत बसली.

आता सात.

शनिवार, २० जुलै

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, निदान घरात तरी कोणी बाजू घेईल. चूक काय माझी? कर भरायचा असतो. तो वाढला म्हणून माझी चिडचिड झाली, तरी भरायचाच असतो. तो भरला.

हे म्हणाले, "तू चुकलीस असं कोण म्हणतंय? बरोबरच बोललीस. फक्त फार मोठ्यानं बोललीस."

मग वर्तमानपत्र उघडलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा माणूस एकदा नेमकं बोलला, ते आज.

आठवी कोणीतरी शोधावी म्हणून शाळेतल्या तिघींना विचारलं. एकीला गुडघे, एकीला सासू, तिसरी म्हणाली, "एवढ्या पैशांत मुलाची शिकवणी होते हो."

सोमवार, २२ जुलै

क्लब चुकवून महानंदाच्या घरी. दारात तिच्या सासूबाई, सगळे त्यांना अव्वा म्हणतात. "या की, बसा." सतरंजी अंथरली, पाणी दिलं. पाहुणचारात काही उणं नाही. नंतर समोर बसल्या.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या. आमच्या मालकाला चारचौघांत चोर म्हणला की."

"चोर म्हटलं नाही मी, अव्वा."

"मग म्हणायचं ऱ्हायलं काय?"

घशाशी उत्तर आलं होतं. गिळलं. म्हटलं, मी दुकानात तसं बोलायला नको होतं. एवढं वाक्य म्हणताना घाम आला. आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल?

अव्वा म्हणाल्या, "मला काय सांगताय? ज्यांना बोलला त्यांना सांगा. आन् सुनेचं म्हणाल, तर तिला आता बरं हाय. औषध बरं झाल्यावर कोण घेतं?"

महानंदा चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. कोर्टावर "बाई, मागं सरका!" म्हणून ओरडणारी हीच का, असं वाटलं. अव्वा तिला कानडीत काहीतरी म्हणाल्या, ती आत गेली. आत कपाटावर तिची रॅकेट दिसली, तिच्यावर पापडांचं ताट ठेवलेलं.

निघताना जिन्यापाशी तिनं गाठलं. हातात माझी छत्री, विसरले होते. "बाई, माझं नाव इतक्यात काढू नका." एवढंच. वरून हाक आली, गेली.

बरं नाही तिला. डोळ्यांखाली पुन्हा तसंच दिसू लागलंय. हे अव्वांना दिसत नाही, की दिसतं आणि...

बुधवार, २४ जुलै

दुकानात गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. जे चारचौघांत बोलले ते चारचौघांतच परत घ्यायचं.

"अण्णा, त्या दिवशी मी ज्या आवाजात बोलले त्याबद्दल माफी मागायला आले."

अण्णांनी मान वर केली नाही. दोऱ्यानं वह्यांचा गठ्ठा बांधत होते. बांधून झाला, गाठ मारली, दोरा तोडला. मग म्हणाले, "आवाजाबद्दल होय? बरं. काय देऊ?"

फुलांचा एक डबा.

"बिलाचा की बिनबिलाचा?"

सगळं दुकान बघत होतं. एक शब्द बोलायचा होता. बिनबिलाचा म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता, सून कोर्टावर आली असती, बायकांची वेळ वाचली असती. आणि स्वस्तही पडलं असतं! हे सगळं मला तिथं उभं असताना स्वच्छ दिसत होतं.

"बिलाचा," मी म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं.

अण्णांनी बिल लिहिलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. कराचा आकडा लिहून खाली रेघ ओढली. "घ्या. तुमी काय बदलायच्या न्हाई." रागानं म्हणाले की कसं, ते मला अजून उलगडलेलं नाही. महानंदाचं विचारलं तर म्हणाले, "बघू की."

बघू म्हणजे काय? 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. पेपरात असं उत्तर आलं तर मी शून्य देते.

शुक्रवार, २६ जुलै

क्लबमध्ये पुरुषांच्या टेबल टेनिससाठी मापं घ्यायला सुतार आला होता. आमचा खेळ चालू असताना. मध्यरेघेवर टेप धरून बसला. पद्मानं सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून केली. "हला की वो बाजूला, अजून आमी हाय हितं!" गेला, पण भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून गेला.

ती खूण मी पदरानं पुसली. पूर्ण गेली नाही.

शनिवार, २७ जुलै

यादी दिली.

सात नावं झटक्यात लिहिली. आठव्या आकड्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, सौ. महानंदा. तिची वर्गणी मी भरली, पावती तिच्या नावानं घेतली. तिनं नाव काढू नका म्हटलं होतं, घाला असं म्हटलं नव्हतं. दोन्हींतला फरक मला कळतो. मुलींच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या जागी मुलीनंच सही केलेली असली तर मी ते परत पाठवते. डब्यावरच्या करासाठी दुकानात तेवढं बोलले आणि इथं ज्या नावाची मला खात्री नाही ते शाईनं लिहून आले. हे ह्यांना सांगितलेलं नाही.

सेक्रे. यादी वाचून म्हणाले, "आठ. अगदी मोजून आठ! बाई, कागदावर काय, कोणीही असतं. सोमवारी पाचला मी येतो कोर्टावर. आठ जणी दिसू द्यात."

"दिसतील," मी म्हटलं. मोठ्यानं.

रविवार, २८ जुलै

पद्माकरवी महानंदाला निरोप धाडला, सोमवारी पाच. पद्माच्या नणंदेनं तिला गच्चीवरून सांगितलं म्हणे, अव्वा शेजारीच होत्या. काय म्हणाल्या? "काय नाही. पापड उलटत होत्या."

दुपारभर वह्या. सहावीतल्या एका मुलीनं लिहिलंय, कर म्हणजे सरकारला दिलेली भेट. लाल रेघ मारायला घेतली, आणि तशीच थांबले. पुढच्या वहीकडं वळले.

माळ्यावरची माझी जुनी रॅकेट काढली. मुठीवरची पट्टी सडलेली. ह्यांनी काही न विचारता जुन्या धोतराची पट्टी फाडून दिली.

सोमवार, २९ जुलै

साडेतीन. अर्धी रजा टाकून घरी आले. आता निघते. पद्मा व सुमनताई थेट तिथंच येणार. बाकी चौघींना सकाळी पुन्हा बजावलं. किल्ली आज आधीच मागून घेतलीय. बुधवारच्या डब्यातली तीन फुलं पर्समध्ये.

सकाळी शाळेत जाताना मुद्दाम सात रस्त्यावरून गेले. दुकान उघडलेलं. अण्णा फळी पुसत होते. मला बघून नमस्कार केला. त्याचा अर्थ लावत बसले तर उशीर होईल.

नेट चार वाजता मीच बांधीन, घट्ट. सेक्रे. येतील तेव्हा खेळ चालू दिसला पाहिजे. दुहेरीला चौघी, बाकावर चार.

दोन रॅकेट घेतल्यात. महानंदाची कपाटावर, पापडांच्या ताटाखाली आहे. जुनीची मूठ काल बारीक गुंडाळली. तिचा हात लहान आहे.