घाबरल्यासारखं होतंय

सोमवार, ३ ऑगस्ट

बाई वाचली. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

शिवणकाम करणारी, पन्नाशीची. काम अर्धवट टाकून एकटीच चालत कॅज्युअल्टीत आली, मापाची टेप गळ्यात तशीच. तपासणीच्या टेबलाशी ड्यूटीवर माझा बॅचमेट होता. त्याला सगळे हिरो म्हणतात, मीही म्हणते.

"काय होतंय?"

"घाबरल्यासारखं होतंय."

"छातीत दुखतंय? हातात, पाठीत?"

"नाही हो. नुसतं घाबरल्यासारखं होतंय."

"कशाची भीती वाटते?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. "भीती कशाला वाटेल?"

त्याने केस पेपरवर इंग्रजीत एकच शब्द लिहिला – अँग्झायटी. एक गोळी दिली आणि तिला बाकावर बसवलं.

मी तिचा कार्डिओग्राम काढला, त्यात हुशारी काही नाही. मी सगळ्यांचाच काढते. एकदा पाय मुरगळलेल्या माणसाचाही काढला होता, तेव्हापासून सिस्टर मला पट्टीवाली म्हणतात. पण आज कार्डिओग्रामची पट्टी यंत्रातून पुरती बाहेर यायच्या आतच कळलं. मोठा अटॅक. पळत नेली तिला.

नंतर सर म्हणाले, "तुला शंका कशी आली?" मी म्हटलं, सवय. सांगायचं होतं ते असं – सर, आमच्या गल्लीत कुणाच्या छातीत दुखत नाही. घाबरल्यासारखं होतं.

बुधवार, ५ ऑगस्ट

सर म्हणाले, ही केस लिहून काढ. आणि एकट्या केसवर थांबू नकोस, अभ्यास कर. जो कोणी "घाबरल्यासारखं होतंय" म्हणेल त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. इंग्रजी करायचं नाही. मग तपासण्या, आणि शेवटी काय निघालं ते – हृदय की भीती.

"पहिला प्रश्न कुठला?"

"कधी सुरू होतं."

"बरोबर. काय करताना, कशानंतर. तो राहिला तर बाकीचे विचारून फुकट."

आईला फोन केला. तिला वाटलं, मी परत परीक्षेला बसणार. "अजून संपला नाही का गं तुझा अभ्यास?" मी म्हटलं, हा वेगळा. आपल्या बोलण्यातल्या एका शब्दाचा. आई हसली. "शब्दालाही डॉक्टर लागतो होय?"

घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. आईला सही येते, ती मीच शिकवली. तिला हे सगळं नीट समजावून सांगायचं मनात होतं, पण ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "काम असेल तुला. ठेव."

ठेवला.

शनिवार, ८ ऑगस्ट

हिरो कँटीनमध्ये माझ्या टेबलावर बसत नाही आता. बाकीचे त्याच्याबरोबर बसतात, त्यामुळे तेही नाहीत. आज मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "जपून बोला रे. घाबरलो म्हणालात तर पट्टीवाली आयसीयूत टाकेल." सगळे हसले. मीही हसले. मग ताट झाकून खोलीवर आणलं.

लेखात त्याचं नाव नाही. आधी "ड्यूटीवरील डॉक्टर" लिहिलं. मग "प्रथम तपासणाऱ्याने". मग सरळ "असे निदान झाले" – जणू ते आपोआपच झालं. तरी मला त्यात तो दिसतोच. त्याच्या जागी मीही असू शकले असते. हे त्याला सांगावं असं रोज वाटतं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

शिवणवाली बाई घरी गेली. जायच्या आधी मला थांबवलं, एप्रनची उसवलेली बाही अंगावरच शिवून दिली. दोरा दातांनी तोडला. "डॉक्टर, तुमच्याकडे बघायला कुणी नाही वाटतं."

आहे, म्हटलं. घाईत.

रविवार, १६ ऑगस्ट

सुट्टी. कपडे धुतले. संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "आवाज बसलाय तुझा. सर्दी झाली?" सर्दी नाही. सकाळपासून वापरलाच नव्हता.

तिच्याकडेही शांतच. दादा-वहिनी नोकरीसाठी लांब गेले तेव्हापासून मागे भांडी वाजत नाहीत.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

दोघींचं खरं की खोटं, कोण जाणे.

गुरुवार, २० ऑगस्ट

अक्षर वाईट येतंय.

फोनवर आई सहज बोलून गेली. "मध्येमध्ये घाबरल्यासारखं होतं गं. मग जेवायला बसवत नाही." मी विचारत सुटले. घाम येतो? थोडा. दम? जिना चढले की. जबडा, पाठ, हात? नाही गं. केव्हापासून आहे? "झाला असेल महिना."

महिना! आणि मी इथे त्याच शब्दावर अभ्यास करते आहे.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू घाईत असतेस."

शेजारच्या काकू तिला लगेच जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पट्टीचा फोटो आला. स्वच्छ आहे. एका स्वच्छ पट्टीवर माझा विश्वास नाही. दादा रात्रीतून घरी पोचून उद्या तिला इकडे आणतोय.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

रक्त दोनदा तपासलं. इको. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. हिरो न बोलावता आला आणि आईची खुर्ची स्वतः ढकलत घेऊन गेला. "मावशी, ही आता खुर्चीचाही कार्डिओग्राम काढेल बघा." आई तोंडाला पदर लावून हसली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या बाईला कशाची भीती वाटते असं मी विचारलं. मीच." मी म्हटलं, मीही विचारलं असतं. एवढंच बोललो.

सरांनी सगळं स्वतः पाहिलं. "आईचं हृदय तुझ्यापेक्षा चांगलं आहे. काहीही नाही." मला आनंद व्हायला हवा होता. मी यंत्राच्या वायरी तपासत बसले. काही नाही तर मग होतंय काय तिला?

शनिवार, २२ ऑगस्ट

आई खोलीवर आहे. अभ्यासाचा नियम सगळ्यांना सारखा, म्हणून तिचाही कागद भरायला घेतला. पहिलाच प्रश्न कोरा. परवा फोनवर घाम विचारला, दम विचारला, जबडा विचारला – तेवढाच राहिला.

"आई, ते घाबरल्यासारखं कधी सुरू होतं?"

ती माझ्या चादरीची घडी घालत होती. वर पाहिलं नाही.

"तू फोन ठेवलास की."