आंब्यावरचं दगडफूल

भिलाई, जानेवारी १९६१

प्रिय कलावती,

आर्वीला माहेरी निघताना तू इथल्या धुरानं खोकत खोकत म्हणाली होतीस, "अंगणातल्या आंब्यावर दगडफूल धरलं, की मले बलवा." दगडफुलाले धूर सोसत नाही, हे शाळेतल्या पोरांसारखं मीच तुले शिकवलं होतं.

काल जवळच्या उतई गावाहून दगडफूल लागलेली साल आणली अन् आपल्या आंब्याले सुतळीनं बांधली. "धरलं, ये," एवढं कार्डावर लिहिलंही. तेवढ्यात क्वार्टरांच्या लाइनीतल्या साऱ्या कोळशाच्या सिगड्या पेटल्या आणि आंबा दिसेनासा झाला.

कार्ड फाडलं, सुतळी सोडली. दगडफूल तुझ्या मसाल्याच्या डब्यात टाकलं. आज भाजीत घातलं, तर घरभर तूच. दार लावून जेवलो.

हे पत्र टपालात टाकत नाही. वाचलंस, तर तशीच निघून येशील.

तुझाच,
दयाराम मास्तर