उंबऱ्यातला नारळ नेमका कशासाठी उभा राहिला

प्रति,
मा. भूवैज्ञानिक साहेब,
भूजल कार्यालय, लातूर (नवा जिल्हा),
मुक्काम सध्या जिथे असेल तिथे.

विषय : अर्जदाराच्या उंबऱ्यात उभा राहिलेला नारळ पाण्यासाठी की कन्येच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी, याचा लेखी निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ : आपण मागील महिन्यात मारुतीच्या पाराजवळ चुन्याने मारलेली फुली (पाण्याची शक्यता साठ टक्के).

महोदय,

अर्जदार मलप्पा ईश्वरप्पा शेटकार, किराणा दुकानदार, राहणार रेणापूर, सविनय कळवितो की :

१. अर्जदाराची कन्या कु. जगदेवी ही बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री व गणित मिळून तीनशेपैकी दोनशे त्रेचाळीस गुण घेऊन पास झाली. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची यादी गेल्या साली कितीवर थांबली म्हणावे, तर हेडमास्तर दोनशे अडतीस सांगतात आणि पोस्टमास्तर दोनशे एक्कावन्न. मूळ मार्कमेमो एकच आहे. शुक्रवारी तो नांदेडच्या फॉर्मला जोडावा की घरून जाऊन-येऊन करायच्या लातूरच्या डी.एड.ला, या एका प्रश्नाने अर्जदाराची झोप उडाली आहे.

२. अर्जदाराचे मेहुणे शिवलिंग हे नांदेडला असतात. त्यांनी कॉलेजच्या फाटकासमोर लिंबाखाली दोन दिवस बसून मोजदाद केली. चष्मेवाले एकशे चौदा, बिनचष्म्याचे एकेचाळीस. जगदेवीला चष्मा नसल्याने त्यांनी नकारार्थी मान हलवली. चष्मा आत गेल्यावर लागतो की आधी, हे त्यांनी विचारलेच नाही.

३. सबब, सोमवारी अर्जदाराने नागप्पा पाणाड्याला बोलावले. नागप्पा तळहातावर आडवा नारळ घेऊन चालतो आणि जमिनीखाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो, असा त्याचा पंचक्रोशीत लौकिक आहे. अर्जदाराने मेमो उंबऱ्यात ठेवला, हळद वाहिली आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, "नागप्पा, पाणीबिणी राहू दे. पोरीचं ॲडमिशन हुईल का, तेवढंच बघ." नारळ मेमोवर येताच ताठ उभा राहिला. अर्जदाराने आनंदाने दुकानातली दोन किलो साखर वाटली.

४. साखर खायला सरपंच भुजंगराव आले आणि तिथेच घात झाला. हकीकत ऐकून ते म्हणाले, "मलप्पा, नारळ काय साळा शिकलाय व्हय? त्याला पाणीच कळतं. तुझ्या उंबऱ्याखाली लई पाणी हाय!" अर्ध्या तासात ग्रामसभा भरली. टंचाईतून गावाला मंजूर झालेला एकुलता एक बोअर आपल्या फुलीवरून उचलून ठरावाने अर्जदाराच्या दारात आणला गेला; खोदायची गाडी आज-उद्या येईल. आपल्या फुलीवर सध्या शेळी बांधली आहे. अर्जदाराच्या दाराची चौकट काढून भिंतीला टेकवली असून घरची माणसे आणि गिऱ्हाइके खिडकीतून जा-ये करीत आहेत.

५. साहेब, एक नारळ एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर देणार. पाणी लागले तर नारळ पाण्याचा, आणि जगदेवीचा खेळ खलास. बोअर कोरडा गेला तर नारळ जगदेवीचा. म्हणून अख्खे गाव पाणी लागू दे म्हणून अभिषेक करीत असताना, अर्जदार गुळाच्या भेल्यांमागे बसून नुसता फुफाटाच निघू दे असे महादेवाला विनवीत आहे. दीड वर्ष टँकरमागे धावलेल्या गावात असे मागणे मागताना अर्जदाराला स्वतःची लाज वाटते. पण पोर हुशार आहे हो.

६. तरी आपण यंत्रासह समक्ष येऊन, उंबऱ्याखाली पाणी नाही व सदर नारळ प्रवेशाचाच आहे, असा दाखला द्यावा. ते जमत नसल्यास, फुलीला दिले तसे जगदेवीला किती टक्के, तेवढे तरी सहीशिक्क्यानिशी कळवावे.

आपल्या जीपची वाट पाहणारा,
मलप्पा ईश्वरप्पा शेटकार
रेणापूर, ६ जुलै १९८३

सोबत :
१) मेमोची खरी नक्कल (हळदीचा डाग मूळ मेमोवर आहे).
२) शिवलिंग यांचा चष्म्यांचा तक्ता.

ताजा कलम, गुरुवार दुपार : अर्ज टपालात टाकण्याआधीच बोअरची गाडी आली. एकशे चाळीस फुटांवर पाणी लागले. गाव नाचले. अर्जदार दुकानात तोंड लपवून रडत बसला. तेव्हा जगदेवी नखशिखांत भिजलेली खिडकीतून आत आली आणि म्हणाली, "अप्पा, रडत काय बसलात? आईची कंबर धरल्यापासून रोज बारा घागरी मी आणते. मी नांदेडला गेले तर पाणी कोण आणील, म्हणून डी.एड.चा फॉर्म मीच आणला होता. आता दारात पाणी हाय. पाठवा मेमो नांदेडला."

डी.एड.चा फॉर्म घागरींपायी आला होता, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. मेमो दुपारच्या गाडीने शिवलिंगकडे रवाना केला आहे. नंबर लागतो की नाही, ते यादी सांगेल. वरील सर्व मागण्या अर्जदार मागे घेत आहे. आपण फक्त हे पाणी चार वर्षे टिकेल, एवढे लेखी द्यावे. अभ्यासक्रम तेवढाच आहे.