भिंत नसलेलं पाणी

थेरगाव,
५ जानेवारी २०२५

प्रिय रणजीत,

सप्रेम नमस्कार. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरात तुमचे फोन काढून घेतले असं मामीनं सांगितल्यापासून हसतोय. आता तुझ्याशी बोलायचं तर शाळेतल्यासारखं पत्र लिहावं लागणार. अक्षराला नावं ठेवू नकोस. पाय सोलले का? उस्ताद शिव्या देतात का? दिल्या तर गप ऐक. माझ्यासारखं उलट बोलून माघारी येऊ नकोस, खानदानात कॉलेज अर्धवट सोडलेला एक पुरे. मामा अजून माझ्याशी बोलत नाही. मामी फोन करते, पण गोठ्यात जाऊन.

माझं बरं चाललंय. महाळुंग्याच्या कंपनीत लाइनवर आहे, ब्रेकचे पार्ट करतो. कंपनीची बस डांगे चौकातून मला घेते आणि पुढं चिंचवडला सुखदा चढते. सुखदा म्हणजे आमच्या क्वालिटीच्या मॅडम. नाव फक्त तुला लिहितोय, तोंडानं मॅडमच म्हणतो. ट्रॅफिकमध्ये बस अडकली की अख्खी बस शिव्या देते, मी देत नाही. अडकू दे. मागच्या आठवड्यात तिनं माझा एक पार्ट उजेडाला धरला आणि म्हणाली, "छान झालाय रे." त्या दिवशी मी डबा तसाच परत आणला. तू म्हणशील, गेलं पोरगं. गेलंच आहे.

आता मेन बातमी. मावळातल्या एका धरणावर दोन फेब्रुवारीला ट्रायथलॉन आहे. पोहणं, मग सायकल, मग धावणं. कंपन्यांच्या टीमला तिघांत वाटून घेता येतं. पोहणाऱ्याच्या घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा असतो. त्यानं बाहेर येऊन तो सायकलवाल्याला द्यायचा आणि सायकलवाल्यानं धावणाऱ्याला. सुखदा सायकल चालवते, रविवारी लोणावळ्याला जाऊन येते. धावायला आमच्या स्टोअरचा बंटी आहे, मागं कुत्रं लागल्यासारखा पळतो. पोहणारा मात्र मिळत नव्हता. गेल्या वर्षी त्यापायीच टीम गेली नाही. ती कॅन्टीनमध्ये ताटं ठेवतात तिथं उभी राहून विचारत होती, "कुणालाच पोहता येत नाही का रे?"

रण्या, माझा हात वर गेला. मी केला असं म्हणत नाही, गेला.

"लहानपणापासून पोहतोय मॅडम, मामाच्या विहिरीत."

"विहिरीत? बाप रे! मग धरण म्हणजे तुला काहीच नाही."

"काहीच नाही," म्हणालो.

फक्त साडेसातशे मीटर आहे. महापालिकेच्या तलावात रोज जातो. एकोणीस तारखेला धरणावर सराव आहे, तो झाला की कळवतो. बाकी टेन्शन काही नाही.

तुझा,
नवनाथ

थेरगाव,
२० जानेवारी

प्रिय रणजीत,

तुझं पत्र मिळालं. तुझे पाय बरे आहेत हे वाचून बरं वाटलं, पण खाली जे लिहिलंस ते वाचून डोकं फिरलं. 'नव्या, विहिरीत तू भिंत सोडून कधी पोहलास?' कागदाचा बोळा करून फेकला. मग कॉटखालून काढून परत सरळ केला.

काल सराव झाला. तिथं एकाशी माझं भांडण झालं. बंटीनं तिखटमीठ लावून सगळ्या कंपनीत पसरवलंय, आज लाइनवर पोरं टाळ्या देत होती. झालं असं की शिट्टी वाजल्यावर सगळे एकदम पाण्यात घुसले. कुणाचा हात पाठीवर, कुणाचं कोपर कानावर. पुढच्या माणसानं मला लाथ मारली. मी त्याचा पाय धरून मागं ओढला आणि तो वर आल्यावर जे तोंडात येईल ते बोललो. माणूस पन्नाशीचा असेल. खोकत खोकत म्हणत होता, "अरे बाळा, हो हो, काय झालं?" मी ताडताड बाहेर आलो आणि परत उतरलोच नाही. म्हणालो, असल्या लोकांत मी पोहणार नाही. सुखदा टॉवेल घेऊन आली. म्हणाली, "जाऊ दे नवनाथ, असतात अशी माणसं." माझी बाजू घेतली तिनं.

वरचं सगळं मी काल बंटीला सांगितलं तसंच तुला लिहिलं. आता खरं काय ते लिहितो, कारण ते घशात अडकलंय आणि तुला अर्धं माहीतच आहे.

त्यानं लाथ मारली नव्हती.

विहिरीत कसं, चार हात मारले की दगड लागतो. मी तेच करायचो, कडेकडेनं गोल. तुम्ही मधे सूर मारायचात तेव्हा मी पायरीवर बसून हसायचो. तलावातही खाली फरशीची रेघ असते, समोर भिंत दिसत असते. धरणात तोंड घातलं तर सगळं हिरवं. माझाच हात कोपरापुढं दिसेना. पाय खाली सोडला, अजून सोडला, काहीच नाही. रण्या, पायाखाली काही नसणं म्हणजे काय ते मला काल कळलं. छातीला दोरी आवळल्यासारखं झालं. श्वास आत जात होता, बाहेर पडत नव्हता. तोंड वर काढलं तर सगळीकडं फेस आणि टोप्या, काठ कुठल्या बाजूला तेच कळेना. तेवढ्यात हाताला काहीतरी लागलं आणि मी ते गच्च धरलं. तो त्या माणसाचा पाय होता. मला ती भिंत वाटली.

त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो बुडाला असता. मग मी शिव्या दिल्या, कारण भांडत भांडत बाहेर आलेल्या माणसाला का आलास म्हणून कुणी विचारत नाही.

आता नाव काढून घेतलं तर सुखदाला सायकल चालवता येणार नाही, यंदाही. ती पहाटे उठून देहूपर्यंत जाऊन येते आणि मग फर्स्ट शिफ्टला येते, बसमध्ये डोकं काचेवर टेकून झोपते. तिला खरं सांगितलं तर मी खोटारडा. नाही सांगितलं तर त्या दिवशी मी परत कुणाचातरी पाय धरणार. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला तरी आता दचकतो. काय करू, लिही. पत्र यायच्या आत सगळं होऊन गेलेलं असेल, माहिती आहे. तरी लिही.

नवनाथ

थेरगाव,
२ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय रणजीत,

आधी हे की मी जिवंत आहे.

शुक्रवारी बसमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "मॅडम, मला पोहता येतं, पण भिंतीजवळ." तिला कळेना. मग सगळं सांगितलं, पायाचंसुद्धा. 

"तू त्या माणसाला बुडवलं असतंस."

"हो."

"आणि मी तुझी बाजू घेतली."

"हो."

वाटलं आता उठून दुसरीकडं बसेल. तर म्हणाली, "मला पोहता येत नाही, नवनाथ. गुडघाभर पाण्यात माझे पाय लटपटतात. नाहीतर कॅन्टीनभर विचारत कशाला फिरले असते? नको असेल तर आत्ता सांग. रविवारी काठावर सांगू नकोस." मी म्हणालो, जायचंय. का म्हणालो माहीत नाही. मग तिनं सरावाच्या मास्तरांना फोन लावला आणि ऐकलेलं जसंच्या तसं मला सांगत गेली. सगळ्यांच्या मागं आणि कडेला उभा राहा. सुरू व्हायच्या आधीच पाण्यात उतरून तोंड घाल. श्वास घ्यायची काळजी करू नको, सोडायची कर. फारच झालं तर उताणा हो. बचावाच्या होडीला धरून थांबलं तरी चालतं, फक्त होडीनं पुढं ओढत न्यायचं नाही.

आज उजाडताना पोचलो. थंडी अशी की दात वाजत होते. ते काका दिसले, मागच्याच बाजूला. मी जाऊन सांगितलं, "काका, तुम्ही लाथ मारली नव्हती. मीच घाबरून तुमचा पाय धरला." ते म्हणाले, "ठाऊक आहे रे. लाथ मारण्याइतका दम असता तर मी पुढं उभा नसतो का?" आणि माझी टोपी नीट केली.

मी आधी पाण्यात उतरलो. सुखदा सायकलचे बूट काढून मागून आली, गुडघ्यापर्यंत. माझं मनगट धरलं होतं तिनं.   ज्या हातासाठी मी वर्षभर झुरलो असतो, त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही बघ. मी फक्त ते हिरवं पाणी बघत होतो.

शिट्टी झाली. सगळे गेले. काकाही गेले. फेस खाली बसल्यावर मी निघालो.

वळायची खूण म्हणून पाण्यात सोडलेल्या पहिल्या नारिंगी फुग्याच्या अलीकडेच छाती आवळली. तसंच, सरावासारखंच. उताणा झालो. कानात पाणी, वर नुसतं आभाळ, आणि पाठीखाली किती खोल ते धरणालाच माहीत. मी आई म्हणून ओरडलो असेन, कारण होडीवाला पोरगा वळला. होडीची कड मी दोन्ही हातांनी धरली. तो म्हणाला, "बाहेर काढू का भाऊ? लाजायचं काय त्यात." मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. रागाला जागाच नव्हती. किती वेळ धरून होतो कोण जाणे. मग म्हणालो, "काढू नको. नुसता शेजारून चल." चार हात मारायचे, होडी आहे का बघायचं. परत चार हात. भीती गेली नाही, रण्या. पोहताना जाते म्हणतात ते खोटं आहे. ती पूर्ण वेळ माझ्याबरोबर होती.

काठाला पाय लागला तेव्हा बाकी सगळे सायकलवर गेलेले. बंटी धावत आला, "भावा, आलास! आम्ही हाराची वर्गणी काढायला घेतली होती." वेळ नोंदवायच्या टेबलाशी बसलेले साहेब म्हणाले, "पोहण्याची वेळ संपली. ही टीम निकालात नाही."

मग सुखदा भडकली. मी तिला कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. "तो पहिला फुगाच वाहत लांब गेला होता! मी स्वतः बघितलंय. त्याला जास्त पोहावं लागलं." बंटी लगेच, "हो हो, गेला होता!" आजूबाजूचे दोघंतिघंही हो म्हणाले. साहेब गोंधळले, कागद चाळायला लागले. सुखदा माझ्याकडं वळली. "नवनाथ, सांग ना त्यांना!"

तुला माहितीये मी कसा आहे. नुसतं हो म्हणायचं होतं. एवढं सोपं भांडण मला जन्मात मिळालं नव्हतं, आणि तेही तिच्या बाजूनं.

"फुगा जागेवर होता मॅडम," मी म्हणालो. "मी थांबलो होतो. घाबरून."

 साहेबांनी कागद खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "निकालात धरणार नाही, पण सायकल चालवायची तर जा." माझी बोटं गारठली होती, पट्टा सुटेना. सुखदानं खाली बसून तो काढला. साहेब म्हणाले, आता त्याचा उपयोग नाही. तिनं तरी तो स्वतःच्या घोट्याला बांधला आणि निघाली. माझ्याकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं की घाई होती, मी तेवढ्यावर अख्खी संध्याकाळ घालवलीय.

परत येताना गाडीत ती झोपली होती. उतरताना "नीट जा" एवढंच म्हणाली. तिला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही, एवढ्यात सांगणारही नाही. आज तिनं माझ्याकडून जे ऐकलं ते आधी तिला पचू दे. न पचलं तर काय, याचीही आता भीती आहे.

तुला एक विचारायचंय. तुझ्या पत्रात पाय, जेवण, उस्ताद सगळं असतं. फायरिंगचं तू कधी लिहीत नाहीस. अंधारात चालवत नेतात त्याचं लिहीत नाहीस. तिकडं तुला भीती वाटते का रे? वाटत असेल तर मला लिही. मामाला कळणार नाही. मी हसणार नाही.

वाट बघतोय.

तुझा,
नव्या