अंकुरने गुढी उतरवली

अल्फारेटा, ३१ मार्च २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर तू पहिल्या वाक्यालाच हसत सुटला असतास, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचून हसलास तरी मला ऐकू येणार नाही.

काल पाडव्याला हिमानीने तिच्या त्या अंकुरला जेवायला आणलं. नागपूरचा, तिच्याच टीममधला. लग्न करीन तर याच्याशीच, पण तुम्ही दोघांनी हो म्हटल्यावरच, असं लेकीचं म्हणणं. मी हो म्हणायच्या तयारीतच होते रे. श्रीखंड काय, पैठणी काय, सगळा थाट केला होता.

मुलगा दारातच नमस्काराला वाकला. माझ्या हातात पन्ह्याचा ट्रे. मी मागे सरले, तो पुढे सरला, आणि उठताना त्याचं डोकं ट्रेला खालून लागलं. पन्ह्याने नखशिखांत न्हाला. तेवढ्यात शेजारचे वॉल्टर शिडी परत द्यायला आले. वडीलधारे दिसले म्हणून हा त्यांच्याही पायाशी वाकला! याचं काहीतरी हरवलंय असं वाटून ते बिचारे शोधायला वाकले. दोघांची डोकी अशी आपटली की बर्फ आणावा लागला.

संध्याकाळी गुढी उतरवायची होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे तो बसायची फळी असलेला चाकांचा वॉकर सोडायला तयार नाहीत. डॉक्टर सांगून थकले. तर अंकुर म्हणाला, काकू, मी उतरवतो. आमची गुढी म्हणजे मागच्या दारच्या लाकडी ओट्याला, डेकला, बांधलेला यांचा रंगकामाचा लांब दांडा. उतरवली अगदी नीट. मग काय अंगात आलं देव जाणे, दांड्यासकट गर्रकन मागे वळला! दांड्याचं एक टोक किचनच्या खिडकीतून आत, दुसऱ्या टोकाचा तांब्या उडून मी नुकतंच दारातून आणत असलेल्या श्रीखंडात, श्रीखंड माझ्या पैठणीवर, आणि हा स्वतः माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीत.

तेव्हापासून हे एक अक्षर बोललेले नाहीत. इतके चिडलेत. मी हिमानीला सांगून टाकलं, हा मुलगा नको. ती जेवली नाही, नुसती डोळे पुसत बसली आहे. दादा, मला पण रडू येतंय. पण असा धांदरट माणूस माझ्या पोरीला सांभाळणार कसा?

लोभ आहेच, तो हसण्यापुरता बाजूला ठेव आणि उत्तर पाठव.

तुझी,
रत्ना


श्रूजबरी, ५ एप्रिल

चि. रत्नास,
अ. उ. आ.

हसलो. इतका हसलो की मला ठसका लागला असं समजून आमचा निमिष घरूनच चाललेली ऑफिसची मीटिंग सोडून पाणी घेऊन धावत आला. मग त्याला पत्र वाचून दाखवलं. आता तोही मीटिंगमध्ये मध्येच हसतो.

अगं, बाबा आपल्याला रविवारी सकाळच्या खेळाला न्यायचे, ते जुने इंग्रजी कृष्णधवल सिनेमे विसरलीस? तो भाबडा हीरो कुणाच्या तरी मदतीला जाणार आणि अख्खं हॉटेल पाण्यात बुडवणार! आईला इंग्रजीचा गंध नव्हता, पण तोंडात पदर कोंबून हसायची. आणि तू मात्र रडायचीस, त्याला कामावरून काढलं म्हणून. मॅनेजरला शिव्या द्यायचीस. आता तोच तुझ्या दारात आला, तर तूच मॅनेजर झालीस होय गं?

मी अजून ते सिनेमे बघतो. सूनबाई कंटाळते, मी कंटाळत नाही. त्यातला तो हीरो कधी स्वतःसाठी पळताना पडत नाही. कुणाची बाबागाडी उतारावर सुटली, कुणाचा विहिरीच्या काठावर तोल गेला, की हा धावतो आणि पडतो. म्हणून मला सांग, हातात नीट उतरवलेली गुढी असताना अंकुर मागे वळला कशाला? वेडासुद्धा उगाच वळत नाही. त्याच्या मागे कोण होतं?

त्यातलाच एक सिनेमा निमिष तुला पाठवतोय. गुरुनाथरावांना शेजारी बसवून बघ. पैठणी ड्रायक्लीनिंगला टाक, डाग जातो. आईने जाताना तुझ्यावरचा लोभ माझ्याकडे सोपवलाय, तो मी काही खर्चत नाही.

तुझा,
राजारामदादा


अल्फारेटा, १४ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

मागे हे होते.

शनिवारी दुपारी सिनेमा लावला. सुरुवातीला हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग तो हीरो खांद्यावर भली लांब फळी घेऊन येतो. गच्चीच्या कडेला एक म्हातारबुवा घसरताना दिसतात, तो त्यांना धरायला वळतो, आणि फळीने सगळी पंगत आडवी होते. हे हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले रे! हसता हसता रडायलाच लागले, आणि मग तोंड उघडलं. वॉकरचं चाक डेकच्या पायरीवरून सुटलं होतं म्हणे, हे पडतच होते. अंकुरने वळून वॉकरला पाय आडवा घातला, मग दांडा कसा आवरणार? यांना लाज वाटली. मला कळलं असतं तर मी डेकवर पाऊल टाकू दिलं नसतं, म्हणून अंकुरलाही डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. आणि त्या मुलाने माझं सगळं बोलणं मुकाट्याने ऐकून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच फोन करून त्याला काल जेवायला बोलावलं. साखरपुडा मे महिन्यात, इथेच, वहिनीला घेऊन यायचंच. हिमानी आता चार माणसांचं जेवते.

काल तो कढीपत्त्याचं नवीन रोप घेऊन दारात उभा राहिला. वाकणार, एवढ्यात मी त्याचे दोन्ही खांदे घट्ट धरले आणि आशीर्वाद उभ्यानेच दिला. पोराला गहिवरून आलं. आत येऊन डोळे पुसत मागे सरला, तो धपकन वॉकरवर बसला आणि रोपासकट गडगडत थेट सोफ्यावर जाऊन आदळला.

हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग लक्षात आलं, वॉकर रिकामा कसा? हे त्याला घ्यायला वॉकर सोडून आपल्या पायांनी दारापर्यंत आले होते.

लोभ ठेव. आता हसलास तर मला ऐकू येऊ दे, फोन कर.

तुझी,
रत्ना