सवतीचा रंग

प्रिय पुरिंग,

तुझं खोकं पोचलं. साबण, कॉफी, माझ्या पोरीला सपाता आणि तुझ्या हाँगकाँगच्या मालकाच्या नौकेचा उरलेला निळा रंग. तिबोयने ते डबे पुसून पुसून वाचले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे माझ्या नवऱ्याने इतका वेळ पाहिल्याचं मला आठवत नाही.

माझा जळफळाट झाला, लपवत नाही. तुझं नि तिबोयचं लग्न ठरलं होतं तेव्हा त्याने होडीला तुझं नाव दिलं. तू परदेशी गेलीस, लग्न मोडलं, मी आले, पण नाव तेच राहिलं, कारण मासा लागलेल्या होडीचं नाव आपल्या बांतायान बेटावर कुणी बदलत नाही. आणि दर उन्हाळ्यात तिला रंगवते कोण? मी. तुझं नाव वळणदार अक्षरांत गिरवते कोण? तेही मीच. सुकट वाळवणाऱ्या बायका ओरडतात, "काय गं निसा, यंदाही सवतीला नटवतेस होय?" मी हसते. दुसरं काय करणार?

तर तुझा रंग. दोन डब्यांतलं मिसळून लावायचा, दगडासारखा घट्ट होणारा. असला रंग आमच्या दुकानातल्या साध्या रंगावर चालेल की नाही, ते आधी बघावं लागतं. तू पाठवलेल्या थिनरमध्ये चिंधी बुडवायची आणि जुन्या रंगावर चिकटपट्टीने थोडा वेळ दाबून ठेवायची. खालचा रंग तसाच राहिला तर ठीक. विरघळला तर नवा थर सुरकुततो आणि सगळ्याचे पापुद्रे निघतात. विरघळू दे म्हणून मी देवाला मेणबत्ती बोलले. चिंधी तळाशी लावली असती तरी चाललं असतं, पण मी ती तुझ्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या पोटावर लावली.

काढली तर अक्षराचं पोट चिंधीला चिकटून आलेलं! मी चिंधी नाचवतच घरी गेले. "बघ, तिचा रंग आपल्याला मानवत नाही. ठेव गुंडाळून!" तिबोय होडीला बाजूने तोलून धरणाऱ्या उलांडीचे बांबू बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मग खरवडू की. पार लाकडापर्यंत."

पुरिंग, माझ्या रंगासाठी या माणसाने कधी तळहाताएवढी जागा खरवडली नव्हती. तुझ्यासाठी खांदे दुखेपर्यंत खरवडत बसला. मी जेवणही धड वाढलं नाही. पण खरवडता खरवडता तुझं नावही गेलं. होडी कोरी झाली. निळा रंग चढला, सुकला, असा चकाकला की शेजारचे बघायला आले. मग तिबोयने पांढऱ्या रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. "तुला हवं ते लिही. रंगवणारी तू." सासू दारातून करवादली, "नाव बदललंस तर समुद्र ओळखायचा नाही!" तो तिला म्हणाला, "आई, तू गप बस."

मी ब्रश बुडवला. माझं नाव मनात कितीदा लिहून झालं होतं. आणि मला त्या मोठ्या वादळाची संध्याकाळ आठवली. किती होड्या परत आल्या नाहीत. एक उलांडी तुटलेली तुझ्या नावाची होडी आली, आणि तिच्यात तो बसलेला होता. माझा हात पुढे जाईना. तुझंच नाव लिहिलं मी, नेहमीपेक्षा मोठं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझा भाऊ एन्डोय रविवारी चर्चबाहेर भेटला. तुझ्या छातीत गाठ आहे म्हणाला, आणि तू भिऊन ऑपरेशन पुढे ढकलतेयस. ढकलू नकोस, बाई. सासू म्हणते, होडीला जिचं नाव, ती धडधाकट असावी लागते. माझा नवरा रोज तुझ्या नावात बसून समुद्रावर जातो. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी बरी हो. बरी झालीस की होडी बघायला ये, फक्त फार दिवस राहू नकोस. मला अजून पुष्कळ उन्हाळे तुझ्यावर जळायचंय.

दात-ओठ खाऊन, पण तुझीच,
निसा