टोपल्यांतल्या नद्या

पंचवटी, जुलै २००३

साळूबाई,

तुमच्या पिंकीला काही पाठ होईना, म्हणून मीच तिला सांगितलं, "आईच्या बाजारातल्या एकेका टोपलीत एकेक नदी ठेव." कोथिंबिरीत गोदावरी, मिरच्यांत तापी, तुमच्या मेथीत कृष्णा. महिन्याभरात सगळ्या नद्या घडाघडा म्हणायला लागली.

गेल्या आठवड्यात कुंभमेळ्यासाठी तुमची रांग उठवली आणि आज चाचणीत तिनं कोरा कागद दिला. म्हणाली, "बाई, तिथं आता कोणीच बसत नाय."

"डोळे मिटून जुनी रांग आठव," म्हटलं, तर तिला ट्रकमध्ये फेकलेल्या टोपल्याच दिसतात. सोमवारी पुन्हा पेपर आहे. माझी चूक तुम्हाला कळवायलाच हवी. पण तुम्हाला वाचता येत नाही, आणि हे पत्र वाचून दाखवणार पिंकीच.

तिची बाई,
शुभांगी